‘छान होता’ हे मत नव्हे

"कसा वाटला?" बाबुरावांनी कॅसेट हातात घेतली, पण पुढची काही दिली नाही.

"छान होता," संतोष म्हणाला.

बाबुरावांनी मान न वळवता मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. शनिवार पेठेतल्या त्यांच्या व्हिडिओ लायब्ररीत ती दहा वर्षं टांगलेली होती. ‘मत सांगितल्याशिवाय दुसरी कॅसेट मिळणार नाही. छान होता, हे मत नव्हे.’ केबल आली, घरोघरी तीस-तीस चॅनेल दिसू लागले, निम्मे सभासद गेले. पाटी काही उतरली नाही. सांगितलेलं प्रत्येक मत बाबुराव नावानिशी वहीत लिहून ठेवत. मतावरून माणूस ओळखता येतो, असं ते ठणकावून सांगत. आपण त्यात आजवर चुकलेलो नाही, हेही सांगत.

संतोषने घसा खाकरला आणि शाळेत कविता म्हणावी तसं एका दमात म्हणाला, "रक्त फार दाखवलंय. एवढं सगळं नंतर पुसणार कोण?"

बाबुराव हसले. कॉलेजची पोरं तो इंग्रजी भयपट पाच-पाचदा नेत, पण पुसण्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. त्यांनी मत लिहून घेतलं.

संतोष परभणीकडचा. एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहणारा, लग्नाला तीन वर्षं झालेला. दिवाळीपासून तो आठवड्याला एक कॅसेट नेत होता. भुताखेतांचे, खुनाचे, जुने गाजलेले, काहीही.

"बायकोला आवडतात का असले सिनेमे?" बाबुरावांनी विचारलं.

"ती कुठे बाहेर पडते? घरीच असते," संतोष म्हणाला आणि कॅसेट घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात त्याने एक जुना कृष्णधवल चित्रपट परत आणला. त्यात पुतण्या श्रीमंत काकाला दुधातून विष देतो आणि पकडला जातो.

"दुधात घातलं तिथेच फसला," संतोष म्हणाला. "काढ्यात घालायचं. कडू लागलं तरी माणूस औषध म्हणून पितो."

या वेळी बाबुरावांना हसू आलं नाही. त्यांनी चष्म्यावरून नीट पाहिलं. संतोषचे गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"तब्येत बरी दिसत नाही."

"जेवण जात नाही हो."

मनात काळंबेरं असलं की घास उतरत नाही, हे बाबुरावांना पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतरच्या सोमवारी संतोष आला तो काउंटरला धरूनच उभा राहिला. कॅसेट एका रात्रीत उरकलेल्या खुनाची होती.

"घाई नडली. महिनाभर थोडं थोडं दिलं असतं, तर डॉक्टरसुद्धा आजारच म्हणाला असता."

बाबुरावांचं पेन थांबलं. "घरी सगळं ठीक ना?"

"कसलं ठीक? काढे चालू आहेत," असं म्हणून संतोष पायऱ्या उतरला.

बाबुरावांनी वही पहिल्यापासून चाळली. एकाच नावाखाली अकरा मतं होती. सुटी सुटी ऐकताना ती विक्षिप्त वाटली होती. ओळीने वाचल्यावर बाबुरावांच्या अंगावर काटा आला. हा माणूस सिनेमे बघत नव्हता, शिकत होता.

चौकीत जाऊन काय सांगणार? एका सभासदाला सिनेमातला खून कच्चा वाटतो म्हणून? हवालदारानेच त्यांना मत विचारलं असतं. पण दोन गल्ल्यांपलीकडे एक परगावची पोरगी रोज तो काढा पीत असेल, या विचाराने त्यांना जेवण जाईना. उद्या तिचं काही झालं, तर आपण ते आधीच स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला, ऑफिसची वेळ बघून, त्यांनी दुकान बंद केलं. सभासदाच्या कार्डावरून पत्ता काढला आणि वही काखेत मारून निघाले.

दार संतोषच्या बायकोने, नम्रताने उघडलं. पदर खोचलेला, हातात सांडशी. नशिबाने अजून ठणठणीत दिसत होती. आतून सुंठ आणि गुळवेलीचा उग्र वास येत होता.

"मी लायब्ररीवाला. संतोषराव ऑफिसात असतील ना?"

"नाही हो, रजेवर आहेत. आत झोपलेत."

बाबुराव एक पाऊल मागे सरकले. पण आता मागे फिरणं त्यांना जमेना. तिच्यामागोमाग ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, वही उघडून तिच्यापुढे धरली आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. आतल्या खोलीत कॉट करकरली, तसे ते गप्प झाले. पुन्हा शांत झाल्यावर पुढे बोलले.

नम्रताने अकराही मतं वाचली. एकदाही मध्ये काही विचारलं नाही.

"हे आणखी कुणाला दाखवलंत?"

"कुणालाही नाही. आधी तुम्हाला सावध करावं म्हटलं. मुली, माझं ऐक. तो काढा आत्ताच्या आत्ता ओतून दे. त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेऊ नकोस. आजच्या गाडीने माहेरी जा. तिकीट मी काढून देतो."

तिने सांडशीने पातेलं उतरवलं आणि काढा सावकाश पेल्यात गाळला.

"माझा नाही हा. यांचा आहे," ती म्हणाली. "महिना झाला, मीच करून देते."

बाबुरावांनी वही मिटली.

"यांना सिनेमा लागला की पाच मिनिटांत झोप लागते. तुम्ही मत सांगितल्याशिवाय पुढची देत नाही, म्हणून मी माझी मतं यांच्याकडून पाठ करून घ्यायची." तिने पेला उचलला, आतल्या खोलीच्या दारापाशी गेली आणि वळली. "आता पुढची कॅसेट नको हं. माझं बघून झालं."