नवे केस लावण्याआधी

टकलामुळं पंजाबरावच्या सोयरिकी मोडत गेल्या. वडील कधीच वारले होते, आणि अंथरुणाला खिळलेल्या आईला लागलेला सुनेचा घोर काही सरेना. शेवटी थकून त्यानं मुंबईला जाऊन डोक्यावर नवे केस लावून घ्यायचं ठरवलं. "येताना डोकं पूर्ण भादरून या," असं तिथल्या डॉक्टरनं बजावलं होतं.

मोताळ्याच्या न्हाव्याकडून तुळतुळीत होऊन, मुंबईची गाडी पकडण्याआधी तो धामणगावला आईच्या पाया पडायला आला.

"मुंबईले जाऊन येतो, माय."

म्हातारीला दिसत नव्हतं. आशीर्वाद द्यायला तिनं चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि हात तिथंच थांबला.



"बापू," ती थकल्या आवाजात म्हणाली, "मी कवा मेली रे?"