मागच्या चाकाचा आवाज

"अहो, मागून कटकट आवाज येतोय," बायको दोन वर्षं सांगत होती. "तुझे कान वाजतात," हे त्याचं ठरलेलं निदान. मग एका वळणावर तेच चाक अडकलं. गाडीला जेमतेम एक पोचा आला, बायको गेली.

आता सवड मिळाली. त्यानं घरीच गाडी चार स्टँडवर उचलली आणि पुढची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब शाफ्ट काढून जमिनीवर ठेवला. पुढच्यांचा मागच्यांशी संबंध संपला. घरातही तसंच होतं.

पुढचं चाक त्यानं हातानं फिरवलं.

मागचं फिरलं. कट.

शाफ्ट त्याच्या गुडघ्याशी पडलेला होता.

"ऐकू आलं गं," तो पुटपुटला. "चुकलं माझं."

मागचं चाक थांबलं. मग सावकाश उलटं फिरू लागलं, आणि पुढच्या चाकानं त्याचा हात हळूच आत ओढून घेतला.