उपाशीपोटी

"नाही, फोनवर नाही सांगायचं. आधी जेवू दे तिला, मग तुम्ही या," शेजारच्या खोलीतून अजेनिमकाका कुणाला तरी म्हणाले, आणि सेरवा मिठाचा डबा हातात धरून जागच्या जागी उभी राहिली.

दोन खोल्यांमध्ये भिंत कसली, नुसती प्लायवूडची फळी. काकांचा निम्मा संसार त्या फळीतून सेरवाला ऐकून पाठ झाला होता. एरवी काका फोनवर बोलायचे ते अख्ख्या कुमासी शहराला ऐकू जाईल असं. आज आवाज खाली होता. मीठ घ्यायला सेरवा चुलीपासून अनवाणीच आत आली होती, म्हणून त्यांना चाहूल लागली नाही.

"तिला अजून कशाचा पत्ता नाही. बाहेर चुलीपाशी आहे," काका म्हणाले. मग बराच वेळ नुसतं "हं, हं". शेवटी, "नाही हो, एकटीला कशी सोडू आम्ही?"

सेरवाने दारातून बाहेर पाहिलं. चुलीपाशी दुफी होती, समोरच्या खोलीतली. तिचा नवरा बेडियाको इस्पितळात पडून होता आणि काल डॉक्टर धड काही बोलले नव्हते. गेला बिचारा, सेरवाच्या मनात आलं. काका इथले सगळ्यात जुने भाडेकरू. सगळ्यांच्या गावी त्यांचाच नंबर दिलेला, त्यामुळे वाईट बातमी आधी त्यांच्याकडे यायची. ती कुणी फोनवर सांगत नसे. वडीलधारी माणसं दारात येत, पाणी पीत आणि मग सांगत. आणि उपाशीपोटी तर कुणालाच सांगत नसत, कारण एकदा रडं सुरू झालं की मग घास कुठला उतरायला?

सेरवाच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं अंगणातल्या बाया उघड म्हणत. म्हणू देत. आज ती दात आवळून बाहेर आली.

"ये, आज आपण दोघी एकत्रच जेवू," दुफीच म्हणाली.

सेरवा चपापली. नेमकं हेच तिला म्हणायचं होतं.

"आणि तुझा फोन दे जरा. माझा बंद पडलाय."

बरंच झालं, सेरवाला वाटलं. म्हणजे आता कुणी आगाऊ माणूस हिला परस्पर काही सांगणार नाही. तिने फोन दिला. "न्यार्कोचा आला तर हाक मार हं. उत्तरेकडून कांद्याचा ट्रक घेऊन निघालाय आणि कालपासून फोन लागत नाही. तिकडे रेंज नसते म्हणे. येऊ दे घरी, नवरा असला म्हणून काय झालं, चांगली हजेरी घेते त्याची."

दुफीने फोन कमरेला खोचला. केला मात्र कुणालाच नाही.

मग दोघी फुफू कांडायला बसल्या. दुफीच्या हातात मुसळ, आणि उखळातला कसावा-केळ्यांचा गोळा दर घावाला उलटायला सेरवाचा हात. रोजचं काम होतं. पण आज दुफीचा ठेका सारखा चुकत होता.

"अगं, बोटं फोडशील माझी. लक्ष कुठाय तुझं?" सेरवा म्हणाली आणि लगेच तिला स्वतःचा राग आला. ज्या बाईचा नवरा गेलाय तिच्यावर काय डाफरायचं!

अंगण भलतंच गप्प होतं. शिंपिणीने रेडिओ बंद केला होता. नळावरच्या बाया सेरवाकडे बघत आणि पटकन मान फिरवत. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं तर. 'सांभाळ हिला,' असंच त्या सांगत असणार. सेरवाने त्यांना मानेनेच 'आहे मी' म्हणून सांगितलं. एक बाई अंगावरच्या कापडाचं टोक तोंडावर धरून आत गेली. ही सगळं उघडं पाडणार, सेरवा मनात चरफडली.

एकाच वाडग्यात दोघी जेवायला बसल्या. सेरवाने मासळीचा मोठा तुकडा दुफीच्या बाजूला सारला. दुफीने तो परत सारला.

"तू खा गं."

"आधी तू. तुला ताकद हवी," दुफी म्हणाली.

सेरवाला काही उमगेना. कोण कुणाला भरवतंय? हिला कळलंय म्हणावं, तर ही रडत का नाही? कळलं नाही म्हणावं, तर डोळे एवढे लाल कशाने? शेवटी तिने ठरवलं, आपण खाल्लं की हीही खाईल. मासळी खाल्ली, फुफू संपवला, रस्सासुद्धा बोटाने पुसून घेतला.

"दुफी, काहीही झालं तरी मी आहे हं," ती म्हणाली.

"नको गं असं बोलूस," दुफी म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. काळं-तांबडं सुतकाचं कापड पांघरलेली तीन म्हातारी माणसं आत आली. सेरवा चटकन उठली. आल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, आणि दुफीला आज ते कुठून सुचणार? तिने पेले भरले आणि पुढे झाली.

सगळ्यात पुढे न्यार्कोचे मामा होते.

मामा इथे कसे? बेडियाकोला तर ते ओळखतही नव्हते. ऐकून आले असतील. पण एवढ्या लांबून?

"मामा, त्यांची खोली ती समोरची," सेरवा हळूच म्हणाली.

मामा हलले नाहीत. पेला त्यांनी घेतला, पण ओठांना लावला नाही. सेरवाच्या खांद्यावरून त्यांनी मागे उभ्या असलेल्या दुफीकडे पाहिलं.

"जेवली का ही?" त्यांनी दुफीला विचारलं.