शेवटची पानं

शाळेच्या वाचनालयातून ती कादंबरी काढून टाकायचीच, म्हणून शाळा समितीचे अध्यक्ष गेनूअण्णांनी गाव गोळा केलं. मुख्याध्यापिका एवढंच म्हणाल्या, "अण्णा, त्यात वाईट काय आहे ते आधी वाचून दाखवा. मग करा ठराव."

आता अण्णा म्हणजे जत्रेच्या नाटकातले कायमचे खलनायक. सपाट वाचणं त्यांना जमायचंच नाही. त्यांनी सासूचा खर्ज लावला, सुनेचा हुंदका काढला आणि पानामागून पान संपलं तरी त्यांना थांबवेना. खोटं वाटेल, पण शेळ्या घरी जायचं विसरल्या आणि पारावरचा पिंपळही पानं न हलवता ऐकत राहिला.

दिवेलागणीला कादंबरीतली सून ट्रंक उचलून उंबऱ्याशी आली. अण्णांनी पान उलटलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. पुढे नुसता पुठ्ठा.

"गेली का राहिली पोरगी? वाचा की!" बाया ओरडल्या.

अण्णांनी पुठ्ठा पुन्हा उलटसुलट करून पाहिला. शेवट फार वाह्यात आहे असं कुणीसं सांगितलं, म्हणून ती पानं त्यांनी सकाळीच, न वाचता, आंघोळीच्या बंबात घातली होती.

गावापुढे हात जोडून ते म्हणाले, "कुणी वाचलंय का हो हे पुस्तक?"