तोंड नॉर्मल

"त्यांचं तोंड कुणी उघडून बघितलंय का?" नर्सिंगच्या मुलीने विचारलं. तिला हा पेशंट आजच मिळाला होता.

"फाइलमध्ये आहे ना. नॉर्मल," होणारा डॉक्टर म्हणाला. लिहिलं त्यानेच होतं, तीन दिवस रोज. विषय संपला.

चार कॉलेजांचे चार विद्यार्थी आणि पेशंट एकच, अशी यंदा विद्यापीठाने काढलेली टूम. मार्कही चौघांना मिळून. निमोनियातून उठलेले आजोबा तीन दिवस दुधापलीकडे काही घेत नव्हते. फार्मसीवाल्याला एका गोळीचा संशय, फिजिओथेरपीवालीला अशक्तपणाचा. मोठे डॉक्टर सकाळच्या राउंडला बजावून गेले होते, उद्यापर्यंत जेवले नाहीत तर नाकातून नळी घालायची. ते ऐकून आजोबांनी डोळे मिटून घेतले होते.

दुपारी कामांची अदलाबदल होती. होणाऱ्या डॉक्टरच्या वाट्याला नर्सिंगचा निळा गणवेश आला आणि आजोबांना भरवायचं काम. कोट उतरवला तशी त्याला उंचीच कमी झाल्यासारखी वाटली. बरं तर बरं, वॉर्डात काम करणाऱ्या सगळ्यांच्याच तोंडाला मास्क होता.

"आजोबा, आ करा."

आजोबांनी मान फिरवली. दुसऱ्या घासालाही तेच, तिसऱ्यालाही. पंधरा मिनिटं गेली. एरवी तो केव्हाच पुढच्या खाटेकडे पळाला असता, पण भरवल्याशिवाय उठायची सोय नव्हती. शेवटी चमचा ठेवून त्याने विचारलं, "काय होतंय तुम्हाला? सांगा ना."

आजोबांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि तोंड उघडलं. खाली नुसत्या हिरड्या.

"पहिल्याच दिवशी कवळी कागदात गुंडाळून ताटात ठेवली. गेली ताटाबरोबर."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होतो बाळा. तेवढ्यात तो कोटवाला पोरगा राउंडला खड्या आवाजात वाचायला लागला, तोंड नॉर्मल, दात व्यवस्थित. आता मोठ्या डॉक्टरांपुढे त्याला खोटं कसं पाडायचं? नातवाच्या वयाचा आहे. पुढे रोज तेच वाचत गेला, मग माझंही राहूनच गेलं. तू बोलू नकोस हं त्याला."

मास्कच्या आत त्याचे गाल तापले. त्याला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची लाज राखायला एक म्हातारा माणूस तीन दिवस नुसत्या दुधावर राहिला होता.

चार वाजता मोठ्या डॉक्टरांसमोर चौघांची बैठक होती. वाट तशी सोपी होती. कवळी सैल होती, आज सकाळी ती हरवलीच म्हणायचं, नळी टळली, मार्कही वाचले. जिना चढताना त्याने ते वाक्य दोनदा म्हणूनही बघितलं. कुठेच अडखळत नव्हतं.

"कवळी पहिल्याच दिवशी हरवलीय," तो म्हणाला आणि थांबला. "तोंड न बघताच मी नॉर्मल लिहीत होतो. हिने विचारलं, तर हिलाही गप्प केलं."

मोठ्या डॉक्टरांनी त्याची अशी बिनपाण्याने केली की फार्मसीवाला आपल्या बुटांकडे बघत बसला. मार्क चौघांचेही कापले गेले. नर्सिंगची मुलगी मात्र उठली आणि आजोबांसाठी पातळ जेवण सांगायला गेली. नळी रद्द झाली. जाताजाता फिजिओथेरपीवाली म्हणाली, "दातांच्या कॉलेजातला एक जण माझ्या ओळखीचा आहे. कवळीचं बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोट घालून खाटेपाशी उभा राहिला. आजोबा आपल्या हाताने सूप पीत होते.

"आजोबा, काल भरवायला आलेला मीच होतो. आणि तो कोटवाला पोरगाही मीच."

"तू 'आ करा' म्हणालास तेव्हाच आवाज ओळखला होता रे," आजोबा म्हणाले. "म्हणून तर तुला सांगितलं. त्या नर्सिंगच्या मुलीला सांगितलं असतं, तर खरं ती बोलली असती, तू नाही."