फ्रेममधले काका

जुनं डिझेल इंजिन दहा वाजता शेवटच्या फेरीला निघणार होतं आणि उद्या थेट भंगारात जाणार होतं. फेसबुक ग्रुपवरचे दोन हजार इंजिनवेडे त्याच्या निघतानाच्या फोटोकडे डोळे लावून बसलेले. इकडे तो फोटो काढायला आलेला ट्रायपॉडवाला वैतागला होता, कारण एक पिशवीवाले काका सारखे इंजिनाला खेटून उभे राहत होते.

"अहो काका, फ्रेममध्ये येताय! कुंपणापलीकडे जा बरं!"

काका पिशवी सावरत कुंपणापलीकडे गेले.

दहा वाजले, सिग्नल हिरवा झाला. सव्वादहा झाले. इंजिन नुसतंच धडधडत होतं, जागचं हलेना. बटणावरचं बोट आखडून गेलं.

तेवढ्यात ग्रुपवर त्याच इंजिनाचा फोटो पडला, कुंपणापलीकडून काढलेला. खाली लिहिलं होतं:



"मी ड्रायव्हर. फ्रेममध्ये एक ट्रायपॉडवाला येतोय. तो हलला की गाडी काढतो."