नसलेली तार

गोल्फ स्पर्धेतल्या शेवटच्या होलजवळ येताच एम्रिसने पाय गुडघाभर उचलून हवेतलं काहीतरी ओलांडलं. मागून बॅग घेऊन येणाऱ्या वडिलांनीही. प्रेक्षक खो खो हसले.

“बाबा, इथे तार नाहीये!”

“ते पायांना सांग.”

वेल्समधल्या त्यांच्या गावच्या गोल्फ मैदानावर मेंढ्या चरायच्या. त्या होलभोवतीच्या हिरवळीत शिरू नयेत म्हणून विजेची तार असे. दोघांनीही लहानपणी तिचे झटके खाल्ले होते.

पंधरा वर्षं व्यावसायिक गोल्फ खेळूनही एम्रिस एकदाही जिंकला नव्हता. आज शेवटच्या होलपर्यंत प्रतिस्पर्ध्याशी निदान बरोबरी होती. त्या हशाने तो सैलावला आणि त्याने टोलवलेला चेंडू अलगद आत गेला.

आता प्रतिस्पर्ध्याची पाळी होती. तो हिरवळीच्या कडेला थबकला. त्याने वाकून गवत निरखलं आणि उगाच धोका नको म्हणून पाय उंच उचलला. मग त्याचा सोपा फटकाही हुकला.

बाबा हळहळले, “बिचारा! एकही झटका न खाता शिकला.”